विश्लेषण : वीर्याचा रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरी गर्भ टिकत नाही… शुक्राणूंच्या गुणसूत्रांची तपासणी नेमके काय सांगते?

मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे फेऱ्या मारणाऱ्या जोडप्याची फाइल उघडली, की बहुतेक वेळा बाईच्या तपासण्यांची पंचवीस पाने असतात आणि नवऱ्याचे एक. त्या एका पानावर शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार लिहिलेला असतो. खाली ‘नॉर्मल’ असा शेरा असला की पुरुषाची चौकशी तिथेच संपते. दोनदा-तीनदा गर्भपात झाला तरी पुढची सोनोग्राफी, पुढची हार्मोन तपासणी तिचीच. वास्तविक मूल न होण्यामागे सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असते. नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोड परिसरातल्या वंध्यत्व केंद्रांत आता ‘कॅरिओटाइप’, ‘वाय मायक्रोडिलिशन’, ‘स्पर्म फिश’ हे शब्द जोडप्यांच्या कानावर पडू लागले आहेत. या तपासण्या महाग आहेत, रिपोर्ट कळायला अवघड आहेत आणि त्यांची नावे एकमेकांत मिसळली जातात. त्यामुळे कोणती तपासणी कशासाठी, कोणती आधी आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे समजून घेणे गरजेचे आहे.

नेहमीच्या वीर्य तपासणीत गुणसूत्रे दिसतात का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शिकेनुसार एका मिलिलिटर वीर्यात १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यातले किमान ४२ टक्के हलणारे आणि ४ टक्के योग्य आकाराचे, ही खालची मर्यादा धरली जाते. ४ टक्के हा आकडा पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो, पण सुदृढ पुरुषांतही बहुतांश शुक्राणू वेडेवाकडेच असतात. हे सगळे सूक्ष्मदर्शकाखाली बाहेरून दिसणारे गुण झाले. आत बापाकडून निघालेली २३ गुणसूत्रे पूर्ण आहेत की एखादे कमी-जास्त आहे, हे त्यातून कळत नाही. नेटका दिसणारा, वेगाने पोहणारा शुक्राणूही आत चुकीचा हिशेब घेऊन निघालेला असू शकतो.

‘डीएनए फ्रॅगमेंटेशन’ नावाची आणखी एक तपासणी हल्ली बऱ्याचदा लिहून दिली जाते. शुक्राणूतल्या डीएनएच्या धाग्याला किती तुटफूट झाली आहे, हे ती मोजते. गुणसूत्रांची संख्या ती मोजत नाही. दोन्ही तपासण्या ‘शुक्राणूच्या आतल्या’ असल्याने एकीचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे दुसरीचाही चांगलाच, असा समज होतो. तो चुकीचा आहे.

शुक्राणूत गुणसूत्रांची चूक होते कशी?

शरीरातल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. शुक्राणू तयार होताना जोडीतले एकेकच पुढे जायचे असते. त्यासाठी आधी जोडीदार गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात, आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मग विरुद्ध दिशांना ओढली जातात. ही अदलाबदल नीट झाली नाही तर पकड सुटते आणि दोन्ही गुणसूत्रे एकाच बाजूला जातात. एका शुक्राणूत एक जास्त, दुसऱ्यात एक कमी. अशा शुक्राणूपासून गर्भ राहिला तर तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांत पडतो. काही थोड्या प्रकारांत बाळ जन्माला येते. २१ क्रमांकाचे गुणसूत्र जास्त झाले तर डाऊन सिंड्रोम, हे त्यातले सर्वांना माहीत असलेले उदाहरण.

इथे पुरुषाच्या बाबतीत एक खास अडचण आहे. बाकीच्या २२ जोड्यांतली गुणसूत्रे लांबीला सारखी असतात. एक्स आणि वाय मात्र बेढब जोडी. एक लांबलचक, दुसरे तोकडे. ती फक्त टोकांपाशी जुळतात आणि सगळी पकड त्या लहानशा भागातल्या एखाद्या अदलाबदलीवर अवलंबून राहते. ती चुकली की शुक्राणूत एक्स-वाय दोन्ही जातात किंवा दोन्ही जात नाहीत. त्यामुळे डाऊन सिंड्रोममध्ये जास्तीचे गुणसूत्र सुमारे ९० टक्के वेळा आईकडून आलेले असते, पण एक्सएक्सवाय म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये जवळपास निम्म्या वेळा ते बापाकडून येते. मुलींमधल्या टर्नर सिंड्रोममध्ये एकच एक्स असते, आणि सुमारे तीन-चतुर्थांश वेळा हरवलेले गुणसूत्र बापाकडचे असते. ‘दोष बाईचाच’ हे गृहीतक निदान या आकड्यांपुढे तरी टिकत नाही.

मग थेट शुक्राणू तपासण्याआधी रक्त का तपासतात?

चूक दोन ठिकाणी असू शकते. पुरुषाच्या शरीरातल्या सगळ्याच पेशींत जन्मतः असेल, किंवा शरीर ठीक असून फक्त शुक्राणू तयार होताना घडत असेल. पहिली शक्यता रक्ताच्या साध्या नमुन्यातून कळते. पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, विभाजनाच्या क्षणी थांबवून गुणसूत्रे मोजली जातात, त्यांचे पट्टे पाहिले जातात. हीच कॅरिओटाइप तपासणी. नाशिकमध्ये दिलेला नमुना बहुधा मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत जातो आणि पेशी वाढवाव्या लागत असल्याने रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

वीर्यात शुक्राणूच नसलेल्या पुरुषांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांत या तपासणीत दोष सापडतो. त्यात सर्वाधिक प्रमाण क्लाइनफेल्टरचे. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी या पुरुषांची लक्षणे १९४२ मध्ये नोंदवली. त्यामागे जास्तीचे एक्स आहे, हे १९५९ मध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी एडिंबरा येथे दाखवले. हे प्रमाण पुरुषांत साधारण ६०० ते ७०० जणांत एक इतके असावे, आणि अनेकांना ते लग्नानंतर मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीतच पहिल्यांदा कळते. तोवर ना त्रास, ना शंका. अशा पुरुषांच्या वृषणात सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून शोध घेतला तर जवळपास ४० ते ५० टक्क्यांत थोडे का होईना शुक्राणू मिळतात.

दुसरा प्रकार फसवा. त्याला स्थानांतर म्हणजे ट्रान्सलोकेशन म्हणतात. दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी गेलेले असतात, पण एकूण माल पूर्ण असल्याने माणूस ठणठणीत असतो. वीर्याचा रिपोर्टही नॉर्मल येऊ शकतो. वाटणीची वेळ आली की मात्र हिशेब बिघडतो. दोन गुणसूत्रांत तुकड्यांची देवाणघेवाण झालेल्या पुरुषांत सरासरी निम्म्याच्या आसपास शुक्राणू असंतुलित निघतात. व्यक्तीगणिक हा आकडा २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत बदलतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यात दोघांचीही कॅरिओटाइप तपासणी करायला सांगतात ती या कारणाने. फक्त बायकोची करून थांबणे म्हणजे अर्धीच तपासणी.

तिसरी तपासणी वाय गुणसूत्राच्या हरवलेल्या तुकड्यांची. १९७६ मध्ये टिएपोलो आणि झुफार्डी या इटालियन संशोधकांनी शुक्राणू नसलेल्या सहा पुरुषांत वायच्या लांब बाजूचा तुकडा गायब असल्याचे दाखवले. पुढे त्या भागाचे ए, बी, सी असे विभाग पाडण्यात आले. ए किंवा बी पूर्ण गेला असेल तर शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते, म्हणजे हा रिपोर्ट आधी आला तर पुरुषाची एक निष्फळ शस्त्रक्रिया आणि मोठा खर्च वाचतो. सी गेला असेल तर शुक्राणू मिळू शकतात. मात्र मुलगा झाल्यास हाच दोष त्याच्याकडे जाणार, हे जोडप्याला उपचारांपूर्वीच सांगायला हवे.

भारतीय पुरुषांवर याचे काम झाले आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शुक्राणू नसलेल्या ३४० पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ८.५ टक्क्यांत वायचे तुकडे हरवलेले होते. मुंबईत परळ येथे आयसीएमआरची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी दिल्लीच्या एम्ससोबत २०१३ मध्ये दीड हजारांहून अधिक वंध्य पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष मांडले. ही संस्था महाराष्ट्राला तशी जुनी ओळखीची. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तेव्हा डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासोबत याच संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार होते. त्या वेळी तिचे नाव प्रजनन संशोधन संस्था असे होते.

शुक्राणूची गुणसूत्रे पाहणे इतके अवघड का होते?

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ मध्येच नक्की झाले होते. शुक्राणूतली गुणसूत्रे पाहायला मात्र त्यानंतर वीसहून जास्त वर्षे गेली. कारण गुणसूत्रे वेगवेगळी दिसतात ती पेशी विभागली जात असताना. शुक्राणू विभागला जात नाही. त्याचे काम एकच, माल पोहोचवायचा. त्यासाठी डीएनए इतका दाबून बांधलेला असतो, की सूक्ष्मदर्शकाखाली फक्त एक गच्च ठिपका दिसतो.

गाठोडे सोडवते ते स्त्रीबीज. पण संशोधनासाठी मानवी स्त्रीबीज वापरणे म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण तयार करणे. यावर हवाईत सापडलेली वाट विचित्र होती. रियुझो यानागिमाची यांनी १९७६ मध्ये दाखवले, की हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजावरचे बाहेरचे कवच काढले तर मानवी शुक्राणू आत शिरू शकतो. बीज त्याला आपलेच समजून गाठोडे सोडते, गुणसूत्रे उलगडतात. पहिल्या विभाजनाच्या वेळी प्रक्रिया थांबवून शुक्राणूची २३ गुणसूत्रे मोजायची. त्यातून पुढे काही वाढत नाही. १९७८ मध्ये रुडाक, जेकब्स आणि यानागिमाची यांनी या पद्धतीने पहिल्यांदा शुक्राणूची गुणसूत्रे थेट वाचली. या जेकब्स म्हणजे १९५९ मध्ये एक्सएक्सवाय शोधणाऱ्या त्याच पॅट्रिशिया जेकब्स.

कॅनडातल्या कॅलगरी येथील रेने मार्टिन यांनी मग चिकाटीने मोजणी केली. १९८३च्या त्यांच्या अहवालात ३३ सुदृढ पुरुषांचे १००० शुक्राणू होते. ८.५ टक्क्यांत काही ना काही दोष निघाला : ५.२ टक्क्यांत संख्येचा, ३.३ टक्क्यांत तुटफुटीचा. म्हणजे कसलाही त्रास नसलेल्या पुरुषांतही साधारण बारात एक शुक्राणू सदोष. या आकड्याने बरेच गैरसमज मोडीत काढले. थोडी चूक हा आजार नाही, ती या यंत्रणेतच आहे.

पण पद्धतीतच एक मोठी खोच होती. बीजात शिरू शकणारे शुक्राणूच मोजले जायचे. ज्यांचे शुक्राणू शिरत नाहीत, म्हणजे ज्या पुरुषांसाठी ही माहिती सगळ्यात गरजेची, ते बहुतांश मोजणीबाहेरच राहायचे. आणि नेमक्या त्याच पुरुषांसाठी १९९२ मध्ये इक्सी आले. ब्रसेल्समधील पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडवली. जो शुक्राणू स्वतःहून कधीच आत गेला नसता, तो आता जाऊ लागला. तो सोबत काय घेऊन जातो, हा प्रश्न रातोरात प्रयोगशाळेतून दवाखान्यात आला. २००२ मध्ये ब्रसेल्सच्याच गटाने इक्सीच्या गर्भांच्या तपासणीतले आकडे दिले. आईबापांत नसलेले, नव्याने उद्भवलेले गुणसूत्रदोष १.६ टक्के होते, तर एरवी ते सुमारे ०.५ टक्के धरले जातात. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी असलेल्या पुरुषांत हे प्रमाण जास्त होते. धोका लहान आहे, पण तो कुठून येतो याची दिशा स्पष्ट होती.

‘फिश’ तपासणीत काय करतात?

उत्तर नव्वदच्या दशकात चमकणाऱ्या रंगांनी दिले. वीर्याचा नमुना काचेवर पसरवून वाळवतात, रसायनाने शुक्राणूंचे गाठोडे थोडे सैल करतात आणि ठरावीक गुणसूत्रालाच चिकटणारे रंगीत डीएनएचे तुकडे त्यावर सोडतात. २१ क्रमांकासाठी समजा लाल, १३ साठी हिरवा. शुक्राणूत एक लाल ठिपका दिसला तर बरोबर, दोन दिसले तर २१ क्रमांकाचे एक जास्त. शुक्राणू पोहत नसला, मेलेला असला तरी चालतो. म्हणून वंध्य पुरुषांची मोजणी पहिल्यांदा शक्य झाली. काही हजार शुक्राणू मोजले की मग टक्केवारी काढतात.

सहसा १३, १८, २१, एक्स आणि वाय ही पाच गुणसूत्रे पाहतात, कारण त्यांची संख्या चुकली तरी बाळ जन्माला येऊ शकते. सुदृढ पुरुषांत एकेका गुणसूत्राची अशी दुप्पट हजारात एखाद-दुसऱ्या शुक्राणूत सापडते. वंध्य पुरुषांच्या अनेक अभ्यासांत हे प्रमाण दोन ते तीन पट आढळले आहे. ‘तीन पट’ ऐकायला भयंकर वाटते. हजारातला एकचा तीन झाला, इतका त्याचा अर्थ. रिपोर्ट वाचताना पट आणि प्रत्यक्ष टक्का दोन्ही विचारले नाहीत तर घबराट हमखास. शिवाय उरलेली १९ गुणसूत्रे या तपासणीला दिसतच नाहीत. पाचही ठीक आली म्हणून ‘शुक्राणूंची सगळी गुणसूत्रे ठीक’ असे म्हणता येत नाही.

आता संशोधन याच्याही पुढे गेले आहे. २०२० मध्ये हार्वर्डमधील स्टीव्हन मॅकॅरोल यांच्या गटाने २० दात्यांच्या ३१,२२८ शुक्राणूंचा डीएनए एकेक करून वाचला. गुणसूत्रांच्या संख्येतल्या चुकांचे प्रमाण एका दात्यात शंभरात एक, तर दुसऱ्यात शंभरात चार-पाच असे निघाले. हे सगळे वीर्यबँकेचे दाते होते. पण हे संशोधनाचे साधन आहे; दवाखान्यात मिळणारी तपासणी अजून फिशच.

तपासून चांगला निघालेला शुक्राणूच आयव्हीएफसाठी वापरता येतो का?

बहुतेक जोडप्यांची अपेक्षा हीच असते आणि नेमकी इथेच निराशा होते. उत्तर नाही असे आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हे चटकन कळेल. माल काढायला आला का, हे पाहण्यासाठी मणी पिळून त्याचा रस मीटरवर टाकतात आणि ब्रिक्स मोजतात. पिळलेला मणी पेटीत भरता येत नाही. त्याच्यावरून प्लॉटचा अंदाज बांधायचा. शुक्राणूचेही तसेच आहे. तपासणीसाठी तो वाळवावा, सोडवावा, रंगवावा लागतो. तपासलेला वापरता येत नाही आणि वापरलेला तपासलेला नसतो. रिपोर्टमध्ये येते ती त्या पुरुषाच्या नमुन्यातली शक्यता. इक्सी करताना सुईत घेतलेला शुक्राणू कसा आहे, हे कोणतीही प्रयोगशाळा आधी सांगू शकत नाही. तसा दावा कोणी करत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारावेत.

एकेका गर्भाबद्दल माहिती हवी असेल तर प्रयोगशाळेत वाढलेल्या भ्रूणाच्या काही पेशी काढून तपासाव्या लागतात. त्याला आयव्हीएफचा पूर्ण खर्च अधिक तपासणीचा खर्च. २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात भ्रूणाच्या अशा तपासणीला मर्यादा आहे : आधीपासून माहीत असलेल्या आनुवंशिक किंवा जनुकीय आजारासाठीच ती करता येते. म्हणून नवऱ्याच्या रक्तात ट्रान्सलोकेशन सापडल्याचा कागद महत्त्वाचा ठरतो.

मग शुक्राणूंची तपासणी कोणाच्या खरोखर कामाची?

मूल होत नाही म्हणून आलेल्या प्रत्येक पुरुषाला ती करायची गरज नाही. अमेरिकेतील मूत्रविकार व प्रजनन तज्ज्ञांच्या संघटनांची मार्गदर्शक तत्त्वेही आधी कॅरिओटाइप आणि वाय मायक्रोडिलिशन सांगतात, तीही शुक्राणू नसलेल्या किंवा फार कमी असलेल्या (कॅरिओटाइपसाठी मिलिलिटरला ५० लाखांपेक्षा कमी, वाय मायक्रोडिलिशनसाठी १० लाख किंवा त्याहून कमी) आणि शुक्राणूनिर्मितीच बिघडल्याची चिन्हे असलेल्या पुरुषांत.

फिशचा उपयोग मोजक्या प्रसंगी होतो. ट्रान्सलोकेशन असलेल्या पुरुषात असंतुलित शुक्राणू २० टक्के की ८० टक्के, यावर नैसर्गिक गर्भधारणेसाठी थांबायचे की भ्रूण तपासणीकडे जायचे, हा निर्णय फिरतो. दोघांचे कॅरिओटाइप ठीक असूनही गर्भ वारंवार पडत असतील किंवा चांगले भ्रूण सोडूनही आयव्हीएफ पुन्हा पुन्हा फसत असेल, तर नवऱ्याकडचे कारण शोधायचा हा एक मार्ग. जवळपास सगळे शुक्राणू मोठ्या डोक्याचे आणि अनेक शेपट्यांचे असणारा एक दुर्मीळ प्रकार आहे. त्यात गुणसूत्रांचे संच दुप्पट-चौपट असतात आणि इक्सीत पैसे घालणे व्यर्थ ठरते. कर्करोगाच्या केमोथेरपीनंतर काही काळ सदोष शुक्राणू वाढतात, त्यामुळे डॉक्टर एक-दोन वर्षे थांबायला सांगतात. तरुण रुग्णाने केमोआधीच वीर्य गोठवून ठेवणे हा जास्त सोपा उपाय, पण तो वेळेवर सुचवला जातोच असे नाही.

शेती आणि कारखान्याशी याचा काही संबंध?

आहे, आणि त्याची गोष्ट एका कीडनाशक कारखान्यापासून सुरू होते. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप येथील ऑक्सिडेंटल कंपनीच्या कामगारांच्या लक्षात आले, की आपल्यापैकी कोणालाच मुले होत नाहीत. तपासणीत अनेकांचे शुक्राणू फार कमी किंवा शून्य निघाले. कारण होते मुळांवरच्या सूत्रकृमींसाठीचे डीबीसीपी हे रसायन. १९७९च्या एका अभ्यासात अशा कामगारांच्या शुक्राणूंत वाय गुणसूत्राचे दोन ठिपके असण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. वाय गुणसूत्र एका विशिष्ट रंगाने चमकते, हे १९७० पासून माहीत होते. डीबीसीपी कॅलिफोर्नियात द्राक्षबागांतही वापरले जात होते. अमेरिकेने १९७९ मध्ये, हवाईतली अननसाची शेती वगळता, त्याचा वापर थांबवला. कामगारांनी जेवणाच्या सुट्टीत आपसांत बोलून शंका घेतली नसती, तर हे आणखी किती वर्षे चालले असते कोण जाणे.

एका रसायनावरून सगळ्या फवारण्यांना दोषी धरता येणार नाही. पण मास्क-हातमोज्यांशिवाय फवारणी, सातपूर-अंबडमध्ये भट्टीजवळची पाळी किंवा रंग-सॉल्व्हंटचे काम असेल तर ते डॉक्टरांना सांगायला हवे. वीर्याचा नमुना देताना हा प्रश्न विचारला जातोच असे नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यामुळे मोठा ताप, औषध किंवा कामाच्या जागेत बदल झाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तर चित्र वेगळे असू शकते.

एक्स-वाय दिसतात, मग मुलगा-मुलगी निवडता येते का?

फिशमध्ये एक्स आणि वाय शुक्राणू वेगळे ओळखू येतात, त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रात येणारच. गर्भलिंग तपासणीवर देशात सर्वात आधी, १९८८ मध्ये, कायदा केला तो याच राज्याने. तरी २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ होत्या.

केंद्राचा १९९४चा कायदा सुरुवातीला गर्भ राहिल्यानंतरच्या तपासणीपुरता होता. सेहत आणि पुण्याच्या ‘मासूम’ या संस्थांनी साबू जॉर्ज यांच्यासह २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २००३ मध्ये कायदा बदलला आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा ठरली. कायद्याच्या शब्दांत स्त्री, पुरुष, भ्रूण यांच्यासोबत बीजपेशीही आहेत, म्हणजे शुक्राणूही आले. या बंदीला आव्हान देणाऱ्या जोडप्यांच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २००७ मध्ये फेटाळल्या. त्यातले एक जोडपे दोन मुलींचे पालक होते. २०२१च्या कायद्याने एक्स किंवा वाय शुक्राणू वेगळे करून त्यांचे प्रमाण वाढवलेला नमुना तयार करायलाही स्पष्ट मनाई केली आहे. लिंगनिवडीची सोय असल्याची जाहिरात केली तरी पाच ते दहा वर्षे कैद किंवा १० ते २५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रोगनिदानासाठीची फिश तपासणी यात अडकत नाही. तिच्यात शुक्राणू नष्टच होतात, निवडायला काही उरत नाही. पण ‘शुक्राणू निवडून मुलगा’ असे कोणी कानात सांगत असेल तर तो थेट गुन्हा आहे.

जोडप्याने डॉक्टरांना काय विचारावे?

आधी हे, की कॅरिओटाइप दोघांचे झाले का. मग ही पुढची तपासणी कोणता निर्णय बदलणार आहे : शस्त्रक्रिया करायची की नाही, थांबायचे की आयव्हीएफ, स्वतःचे शुक्राणू की दात्याचे. रिपोर्ट काहीही आला तरी उपचार तोच राहणार असेल, तर त्या तपासणीवर काही हजार रुपये घालवण्यात अर्थ नाही. फिश करायचीच असेल तर किती शुक्राणू मोजले, कोणती गुणसूत्रे पाहिली आणि त्या प्रयोगशाळेची सुदृढ पुरुषांसाठीची मर्यादा किती, हे रिपोर्टवर लिहिलेले असावे. दोष सापडला तर उपचारांची तारीख घेण्याआधी जनुकीय समुपदेशकाची भेट मागावी. ट्रान्सलोकेशन असेल तर भाऊ-बहिणींनाही कळवावे लागते, कारण ते आई किंवा वडिलांकडून आलेले असू शकते. घरात हे बोलणे रिपोर्ट वाचण्यापेक्षा अवघड जाते.

खर्चाच्या बाजूने पाहिले तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सेवा सुरू झाली आहे. नाशिकच्या बहुतेक जोडप्यांना मात्र खासगी केंद्रांतच खिशातून पैसे भरावे लागतात. अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वीर्याचे आकडे तीन महिन्यांत बदलतात, फिशचेही बदलू शकतात. रक्ताचा कॅरिओटाइप जन्मभर तोच राहतो. डॉक्टर किंवा केंद्र बदलले म्हणून तो पुन्हा करायची सहसा गरज पडत नाही. मूळ रिपोर्ट आणि गुणसूत्रांचे चित्र दोन्ही मागून घ्यावे आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा.